दोन लिंबांची गाडी

गॅरेजमध्ये गाडी पूर्ण खोलून परत जोडली की तीन-चार नट उरतातच. कुठले, ते कोणी विचारत नाही. गाडी चालतेय म्हटल्यावर मिस्त्री सांगतही नाही. रबाळ्याला आमच्या पाटलांच्या गॅरेजमध्ये असे उरलेले नट टाकायला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. तो भरला की दुसरा यायचा. आमचे किस्से असेच साठलेत. कामं झाली, भांडणं मिटली, माणसं आपापल्या घरी गेली आणि हे मागे उरले. आज डबा उपडा करतेय. एखादा नट आपल्या गाडीतला आहे असं कुणाला वाटलं तर त्याने ओळखून घ्यावा, रागावू नये. रागावला तरी माझी काही हरकत नाही!

मी जाधव. मूळची कऱ्हाडची. नव्वदच्या दशकात रबाळ्याच्या एका गिअरच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. कोपरखैरण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये मी आणि आई, दोघीच. दिवसभर बोर्डावर वाकून गिअरचे दात काढायचे, हे माझं काम. ऑफिसात मी एकटीच बाई, त्यामुळे माझं नाव कोणाला लागतच नव्हतं. "मॅडम" म्हटलं की मीच!

*

गाडीचं वेड मला लहानपणापासून, पण घ्यायची ऐपत आली तिशीनंतर. तळोज्याला एका दलालाची शेड होती. तिथे परदेशातून परतलेल्या लोकांच्या जुन्या गाड्या विकायला यायच्या. मी गेले त्या दिवशी दोन जपानी गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकच मॉडेल, एकच वर्ष, दोन्ही आठ वर्षांच्या. दोन दारांच्या, बुटक्या, आणि बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे डोळे उघडल्यासारखे वर यायचे. एक लाल, एक पांढरी. फरक एवढाच, की लाल गाडीच्या चारही चाकांना इंजिनाची पॉवर होती आणि पांढरीच्या फक्त पुढच्या दोन.

दलाल म्हणाला, "मॅडम, लाल लो! चारों चक्के को पॉवर है. बर्फ में भी चलेगी!"

मी म्हटलं, "तळोज्यात बर्फ कधी पडतो?"

"लेडीज के लिए सेफ है ना!"

मी त्याच्याकडून गोणपाट आणि टॉर्च मागून घेतला आणि पंजाबी ड्रेसवर सरळ लाल गाडीखाली शिरले. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत गेलेला लांबलचक शाफ्ट, त्याचे सांधे, मागे गिअरचा मोठा गोळा, त्यातून पाझरलेलं तेल. माझ्या बोर्डावरचं दोन महिन्यांचं काम त्या गाडीच्या पोटाला लटकलेलं होतं! यातला एक दात जरी पडला तरी तो अख्ख्या देशात कुठे मिळणार नव्हता, हे माझ्याइतकं त्या शेडमध्ये कोणालाच कळत नव्हतं. मग पांढरीखाली गेले. मागे काही नव्हतंच. साधा आडवा दांडा आणि दोन चाकं. पुढच्या चाकांचं कामही सोपं, कारण आपल्याकडच्या छोट्या गाड्या तोवर पुढच्याच चाकांवर चालायला लागल्या होत्या आणि मिस्त्री लोकांचा त्यावर हात बसला होता.

बाहेर आले, ड्रेस झटकला आणि म्हटलं, "पांढरी."

दलालाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू माझी पत्रिकाच बिघडली आहे. "सोच लो, मॅडम."

"सोचूनच आलेय!"

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ही हकीकत आमचे प्रॉडक्शन मॅनेजर वैद्य साहेब यांना सांगितली. हा माझा मूर्खपणा. तिसऱ्या दिवशी लाल गाडी वैद्य साहेबांच्या दारात!

"चांगली गाडी सोडलीत, मॅडम," ते म्हणाले. "उरलेली तुम्ही नेलीत."

त्यानंतर दर शनिवारी, हाफ डे संपला की, आम्ही पाटलांच्या गॅरेजवर जमायला लागलो. मी, वैद्य साहेब आणि परचेसचे कामत. कामतांची गाडी त्यांच्या लग्नाच्या आधीची होती आणि तिच्याबद्दल बोलताना ते नेहमी आजारी नातेवाइकाबद्दल बोलल्यासारखा आवाज काढायचे. पाटील रबाळ्याचेच. एमआयडीसी आली तेव्हा त्यांच्या वडिलांची भातशेती गेली आणि रस्त्याकडेचा एक तुकडा राहिला. त्यावर हे गॅरेज. आमच्या कारखान्याकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "तुमची कॅन्टीन हाय ना, तथं आमचं खलं व्हतं. तुमी जेवता त्या जागंवर आमी भात झोरला हाय."

पहिल्याच शनिवारी वैद्य साहेबांनी विषय काढला. "पाटील, पुढच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार म्हणजे अर्धी गाडी. खरं की नाही?"

पाटील माझ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होते. तिथूनच म्हणाले, "साहेब, बैल गारीला कुठं जुपतात? फुरं का मांगं?"

"पुढे. पण बैल म्हणजे स्पोर्ट्स कार नव्हे!"

"शर्यतीत पलताना बगला नाय तुमी."

*

गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला लांबलचक, जाडजूड दोर टांगलेला असे. पाटलांच्या वडिलांच्या होडीचा. कोणाची गाडी बंद पडली की त्याच दोराने ओढून आणायची, आणि मग पुढच्याची बंद पडेपर्यंत दोर पहिल्याच्या डिकीत राहायचा. शटरवर खडूने त्याचं नाव. हा गॅरेजचा कायदा होता. प्रत्यक्षात दोर खिळ्यावर क्वचितच दिसे, कारण तो कायम कामतांच्या डिकीत असायचा. शटरवर त्यांचं नाव इतक्या वेळा लिहिलं होतं की पुसलं तरी वाचता यायचं!

एकदा कामतांची गाडी ओढून आणली होती, तेव्हा वैद्य साहेब तो दोर हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, माझ्या गाडीला कधी ना कधी दार लागेल, काच लागेल, दिवे लागतील. ते सगळं या देशात फक्त एकाच गाडीवर आहे."

सगळ्यांनी माझ्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं.

"ज्या दिवशी तुमची गाडी या दोराने ओढून आणावी लागेल, त्या दिवशी ती मला द्यायची. स्पेअर पार्टसाठी. पैसे देईन, फुकट नको. बोला, आहे हिंमत?"

आता सांगते. फ्लॅट आईच्या नावावर होता, बोर्ड कंपनीचा होता, पगाराची नोकरी काकांच्या ओळखीने लागली होती. ही एकच वस्तू मी कोणालाही न विचारता, माझ्या अकलेने घेतली होती. आणि हा माणूस तिचे डोळे काढून आपल्या गाडीला बसवायचं म्हणत होता! राग आला की माझ्या तोंडून 'नाही' निघायचं तिथे 'हो' निघतं.

"कबूल."

कामतांना चहाचा ठसका लागला.

"आणि तुमची ओढावी लागली तर?" मी विचारलं.

वैद्य साहेब मनापासून हसले. "चारही चाकांना पॉवर आहे, मॅडम! ती कशाला ओढावी लागेल?"

*

मग दसरा आला. गॅरेजवर झेंडूची तोरणं, पाना-पक्कडींची पूजा, आणि सगळ्या गाड्या धुऊन ओळीत उभ्या. आपल्याकडे गाडीची पूजा झाली की चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांवरून पुढे घेतात. पाटलांनी वैद्य साहेबांच्या लाल गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. फचाफच फुटली चारही.

मग माझ्या गाडीला हार, नारळ. पाटील पुढच्या दोन चाकांखाली लिंबं ठेवून उठले.

मी म्हटलं, "पाटील, मागची दोन?"

"ताय, मांगची निस्ती येतात पाठून. त्यांना कशाला लिंबू?"

वैद्य साहेब एवढे हसले, एवढे हसले, की त्यांना तिथल्या टायरवर बसावं लागलं. सोमवारी कारखान्यात मी पंचिंग मशिनपाशी पोहोचायच्या आत किस्सा तिथे पोहोचला होता. "दोन लिंबांची गाडी!" हेडक्लार्क, स्टोअरकीपर, अगदी गेटवरचा वॉचमनसुद्धा गाडी आत घेताना दोन बोटं दाखवायचा.

मी पाटलांवर चिडायला हवं होतं. पण ते टिंगल करत नव्हते हो. त्यांनी नीट विचार करून, ज्यांना काम आहे त्यांनाच लिंबू दिलं होतं. ड्रॉइंग ऑफिसात इतकं स्वच्छ डोकं कोणाचं नव्हतं.

*

हिवाळ्यात आईने एक स्थळ आणलं. ठाण्याचा मुलगा, इंजिनियर. आई-वडिलांबरोबर येऊन पोहे खाऊन झाले, आणि मुलगा म्हणाला, "गाडी बघू या का?"

मला बरं वाटलं. इतक्या स्थळांत गाडीबद्दल विचारणारा पहिलाच! मी त्याला वाशीपर्यंत चक्कर मारायला नेलं. तेव्हा आमच्याकडचे रस्ते रुंद होते आणि गाड्या कमी. मी तिसरा गिअर टाकला आणि त्याचा उजवा पाय... म्हणजे तिकडे ब्रेक नसतो, पण त्याने दाबला.

"फोर व्हील ड्राइव्ह का नाही घेतली?" वळणावर दाराचं हँडल धरून त्याने विचारलं. "ती कंट्रोलमध्ये राहते."

"ही राहते की."

"हो, पण बाईमाणसाने... तसं काही टेन्शन नाही. लग्नानंतर ही विकून आपण फॅमिली कार घेऊ. तुम्ही मागे आरामात बसा."

मी गाडी वळवली आणि त्याला त्याच्या आई-वडिलांपाशी आणून सोडलं. मला वाटलं, आता आई महिनाभर बोलणार नाही. पण रात्री तिने स्वतःच त्यांना फोन लावला. मी दाराआडून ऐकत होते.

"नाही, मुलगा चांगलाच आहे," आई म्हणाली. "पण गाडीला पसंत नाही."

*

उन्हाळ्यात वैद्य साहेबांचा एक टायर फाटला. नवा आणला तर गाडी आतून कुरकुरायला लागली. पाटलांनी सांगितलं, चारही चाकं एकाच मापाची, सारखी झिजलेली हवीत. एक नवं आणि तीन जुनी चालत नाहीत, मधल्या गिअरवर ताण येतो. म्हणजे एक फाटला की चारही बदला!

"साहेब," कामत हळूच म्हणाले, "आमच्या एकत्र कुटुंबात असंच होतं. एकाला ताप आला की सगळ्यांना काढा."

*

पावसाळ्यातला एक रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. रबाळ्याच्या मागे डोंगराला दगडाची खाण आहे. तिथवर जायला खडी वाहणाऱ्या ट्रकांनी केलेला कच्चा रस्ता. वर गेलं की खाली ठाणे-बेलापूर रोड, कारखाने, त्यांच्या पलीकडे खाडी, सगळं दिसायचं. वैद्य साहेब म्हणाले, "चला, वर जाऊन भजी खाऊ." भजी हे निमित्त होतं. पाऊस पडून गेला होता आणि शेवटच्या चढावर लाल चिखलाचं नुसतं लोणी झालं होतं.

लाल गाडी वर गेली. न थांबता, न घसरता, झर्रकन! खोटं कशाला बोलू, देखणी गेली. कामतांनी आपली गाडी शहाणपणाने खालीच ठेवली आणि ते पाटलांबरोबर चालत वर गेले.

मी पहिल्या गिअरमध्ये निघाले. अर्ध्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चिखल उडून काचेवर आला. गाडी हळूहळू मागे यायला लागली. खाली उतरून पुन्हा प्रयत्न केला. तिथेच अडकले. तिसऱ्यांदा केला. तिथेच!

वरून वैद्य साहेब ओरडले, "कामत, दोर काढा! तुमच्याच डिकीत असेल ना?"

दोर कामतांच्याच डिकीत होता. बिचारे खाली आले, डिकी उघडली आणि दोर हातात घेऊन माझ्या खिडकीपाशी उभे राहिले. त्यांना रडू यायचंच बाकी होतं. "मॅडम, मी दोर विसरलो म्हणून सांगू का?"

डोळ्यांसमोर माझी गाडी दिसत होती. दारं काढलेली, दिवे काढलेली, पाटलांच्या गॅरेजमागे विटांवर ठेवलेली. ते दृश्य मला खरंच सहन होईना. मी स्वतःला म्हटलं, जाधवबाई, तुम्ही रोज हेच काम करता ना? मग रडायचं सोडा आणि विचार करा. चढावर गाडीचं वजन जातं कुठे? मागे. उताराच्या बाजूच्या चाकांवर. आणि माझी ओढणारी चाकं आहेत पुढे, हलकी झालेली. मग ती उताराच्या बाजूला आली तर?

"कामत, बाजूला व्हा," मी म्हटलं.

खाली सपाटीवर गाडी पूर्ण वळवली. वरच्या लोकांना वाटलं, मी घरी निघाले. वैद्य साहेबांनी टाळीसुद्धा दिली कोणाला तरी. मी रिव्हर्स टाकला, मान मागे वळवली आणि उलटी निघाले.

चाकं एकदा चिखलात गरगरली, दुसऱ्यांदा गरगरली आणि मग धरलं त्यांनी! गाडी पार्श्वभाग पुढे करून हळूहळू, घुं घुं करत तो चढ चढून आली आणि वैद्य साहेबांच्या लाल गाडीपासून हातभर अंतरावर थांबली.

पाटील तोंडात भजं घालता घालता थांबले. "आयला! ही तं खेकरं हाय!"

वैद्य साहेब म्हणाले, "हे काही चढणं नव्हे. गाडीने तोंड पुढे करून यावं."

मी म्हटलं, "शर्त दोराची होती, तोंडाची नव्हती. भजी गार झालीत का?"

*

नारळी पौर्णिमेला पाटील दरवर्षी खाडीवर नारळ वाहायचे. शेतं गेली, होडी गेली, पण खाडी अजून तिथेच आहे, म्हणून नारळ चुकवायचा नाही, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं. त्या वर्षी आम्हाला सगळ्यांना बोलावणं होतं. गावच्या बायका पुढे गाणी म्हणत, मागे आमच्या गाड्या. खाडीच्या बांधाजवळ मुरमाची टणक जागा होती, तिथे मी आणि कामतांनी गाड्या लावल्या.

वैद्य साहेब थांबेनात. खाणीतला प्रकार त्यांना पचला नव्हता.

पाटील म्हणाले, "साहेब, म्होरं नका जाव. चिखोल हाय."

"म्हणूनच तर जातोय!"

गेले. आणि ही चार चाकांच्या पॉवरची खरी गंमत! माझी गाडी दहा फुटांवर अडकली असती. त्यांची चांगली साठ-सत्तर फूट गेली, तिथून परत आमच्याकडे वळली आणि मग अडकली. चारही चाकं सारखीच रुतली. साहेबांनी ॲक्सिलरेटर दाबला. चिखलाची चार कारंजी उडाली. अजून दाबला. कुठल्या तरी चाकाने खालचा दगड धरला असावा, कारण मागून "कडाक्" असा आवाज आला. तो दात पडल्याचा आवाज होता. रोज दात काढणाऱ्या बाईला तो कळतो.

नारळ हातात धरून पाटलांची आई म्हणाली, "दर्याला नारल दिला नाय अजून, आनि ह्यो गारीच द्याला निंगाला!"

ट्रॅक्टर सणाचा बंद. ट्रक कोणी आणेना. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडी मुरमाच्या कडेला आणून तोंड खाडीकडे करून उभी केली. कामतांनी डिकीतून दोर काढला, उत्साहाने गुडघाभर चिखलात गेले आणि दोन्ही गाड्यांची नाकं एकमेकांना बांधली. मी रिव्हर्स टाकला. मागून गावातली वीस माणसं लाल गाडीला ढकलत होती, हेही प्रामाणिकपणे सांगते.

चिखलातून मुरमापर्यंत वैद्य साहेब आणि मी समोरासमोर होतो. मधे फक्त तो दोर. मी सारखी मागे वळून बघत होते आणि पुन्हा समोर बघितलं की ते समोर! एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्टिअरिंग घट्ट धरून खाडीवरचे बगळे मोजत होते.

टणक जमिनीवर आल्यावर कामतांनी दोर सोडला, त्याची नीट गुंडाळी केली आणि लाल गाडीच्या डिकीत ठेवली. मग हात जोडून म्हणाले, "साहेब, वर्षभर सांभाळला. आता तुमच्या ओटीत."

*

तीन आठवड्यांनी पाटील ड्रॉइंग ऑफिसात आले. पहिल्यांदाच. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. माझ्या बोर्डावर ठेवून उघडलं. क्राऊन आणि पिनियन, म्हणजे मागच्या गोळ्यातली गिअरची जोडी, सात दात उडालेले.

"ताय, एका जीपचं हाय. बनवता येल का?"

जीपचं! मी ज्या गिअरला घाबरून लाल गाडी सोडली होती, तोच माझ्या समोर पडला होता. पाटलांना खोटं बोलायची सवय नव्हती; ते सारखे पंख्याकडे बघत होते.

मला खूश व्हायचं होतं. खरं सांगते, गोणपाट उघडलं तेव्हा एक क्षण झालेही. मग कॅलिपर घेतला आणि दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याची मापं काढली. पूर्ण ड्रॉइंग केलं. आमच्या कारखान्यात ते दात कापणारं मशिनच नव्हतं. मुंबई-पुण्याला ओळखीच्या चार ठिकाणी विचारलं. एका जोडीसाठी कोणी मशिन लावेना.

"नाही होणार, पाटील," मी म्हटलं. "त्या जीपवाल्याला सांगा, मी मनापासून प्रयत्न केला."

पाटील गोणपाट बांधत म्हणाले, "त्याला ठावं हाय. तोच बोलला, जाधव मॅडमना दाखव, दुसऱ्या कोनाला नको."

*

पुन्हा दसरा. तीच तोरणं, त्याच पाना-पक्कडी. वैद्य साहेबांची लाल गाडी दोन महिन्यांनी पहिल्यांदाच आली होती. धुतलेली, चकचकीत. आली तीही स्वतःच्या चाकांवर, दोराशिवाय. कामत माझ्या कानात म्हणाले, "पार्ट मिळाला वाटतं. आता पुन्हा सुरू होणार चार चाकांचं पुराण."

माझ्या गाडीची पूजा झाली. दोन लिंबं, फच फच. कारखान्यातले दहा-बारा जण मुद्दाम बघायला आलेले, त्यांनी नेहमीसारखी दोन बोटं दाखवली. मी त्यांना परत दोन दाखवली.

मग लाल गाडी. पाटलांनी हार घातला, नारळ फोडला. ताटात चार लिंबं होती. त्यांनी एक उजव्या पुढच्या चाकाखाली ठेवलं, एक डाव्या पुढच्या चाकाखाली, आणि गुडघे झटकत उठले.

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ पाटील! साहेबांच्या गाडीची मागची दोन राहिली!"

मी वाकून लाल गाडीखाली पाहिलं, तर मागच्या चाकांकडे जाणारा लांबलचक शाफ्ट काढून टाकलेला. पाटील वैद्य साहेबांकडे बघत राहिले. सगळेच बघायला लागले. कामतांच्या हातातली आपट्याची पानं तशीच राहिली.

वैद्य साहेबांनी आधी शटरकडे पाहिलं, तिथे खडूने त्यांचं नाव होतं. मग माझ्या गाडीकडे. मग त्यांनी ताटातली उरलेली दोन लिंबं उचलली, माझ्यापाशी आले आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"सरबत करा, मॅडम," ते म्हणाले. "साखर जरा जास्त घाला."